कुत्रा घरी आणायचाय? निवडण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गेली बारा वर्षं मी रस्त्यावर सापडलेली आणि लोकांनी सोडून दिलेली कुत्री-पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत माझ्याकडे सांभाळते. त्यामुळे फोन येतात, आणि बहुतेक फोनांची सुरुवात सारखीच असते: "ताई, लॅब्रेडॉरचं चांगलं पिल्लू कुठे मिळेल?" मी उलट विचारते, "सकाळी साडेसहाला तुमच्या घरात कोण उठलेलं असतं?" समोरचा क्षणभर गप्प होतो. पुढचं सगळं बोलणं या एका उत्तरावर अवलंबून असतं. वर्षानुवर्षं विचारले गेलेले प्रश्न आणि मी देत आलेली उत्तरं इथे एकत्र करते आहे.

कोणती जात सगळ्यात चांगली?

जातीचं नाव घेण्याआधी एका कागदावर तुमच्या घराचा दिवस लिहून काढा. कोण किती वाजता उठतं, घराला किती तास कुलूप असतं, संध्याकाळी पाय मोकळे करायला कोण बाहेर पडतं, धो-धो पावसातही पडतं का, गणपतीत आणि मे महिन्यात गावी जाता तेव्हा कुत्रा कुणाकडे राहणार. हा कागद प्रामाणिकपणे लिहिला की अर्ध्या जाती आपोआप गळतात.

मग आवडलेली जात मुळात कोणत्या कामासाठी घडवली गेली ते बघा. बीगल हा वासाचा माग काढत तासन्‌तास धावणारा शिकारी कुत्रा. तो दिसायला छोटा आणि गोड, म्हणून लोक वन-बीएचकेसाठी घेतात. दहा तास कोंडला की तो गळा काढून रडतो, सोफा फोडतो, आणि मग "वाईट वळणाचा निघाला" म्हणून मला फोन येतो. जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन ही कामाची कुत्री. त्यांना रोज डोक्याला खाद्य लागतं, नाहीतर ती स्वतःच कामं शोधतात: दारावरच्या प्रत्येक माणसावर भुंकणं, जिन्यातल्या प्रत्येक पावलाची दखल घेणं. लॅब्रेडॉर स्वभावाने उमदा, पण पहिली दोन वर्षं त्याच्या अंगात वारं शिरलेलं असतं. पूर्ण वाढलेला लॅब तीस किलोच्या आसपास भरतो. ओल्या फरशीवर समोर मांजर दिसलं आणि त्याने हिसका दिला, तर पट्टा हातात धरलेल्या आजीचं काय होईल, याचा विचार पिल्लू मांडीएवढं असतानाच करायला हवा.

आम्ही दोघंही नोकरीला जातो. पिल्लू आणावं का?

घरी दिवसभर कुणीच नसेल तर पिल्लू आणू नका. साधारण हिशेब असा: पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्याहून एखादा तास जास्त ते शू धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासही जड जातात. शिवाय त्याला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं आणि उरलेल्या वेळात सोबत लागते.

पण याचा अर्थ कुत्राच पाळू नये असा नाही. तीन-चार वर्षांचा, शांत झालेला, बाहेर शी-शू करायची सवय असलेला कुत्रा सहा-सात तास झोपून काढतो. दुपारी कुणी एक फेरी मारून आणणारं मिळालं तर उत्तमच. माझ्याकडून दत्तक गेलेल्या कुत्र्यांपैकी नोकरदार घरांत सगळ्यात छान रुळली ती अशीच मोठ्या वयाची.

मोठ्या वयाचा कुत्रा लळा लावेल का?

हा प्रश्न मला एका काका-काकूंनी विचारला होता. निवृत्त जोडपं, मुलगा परदेशात. त्यांना जर्मन शेफर्डचं पिल्लू हवं होतं, कारण तीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे तो होता. मी त्यांना पाच वर्षांच्या एका गावठी मादीशी भेटवलं. एक कान थोडा फाटलेला, रंग मातकट. पहिल्या भेटीत ती काकांच्या खुर्चीपासून दोन हातांवर बसली आणि तशीच बसून राहिली. काका पेपर वाचत होते. अर्ध्या तासाने तिने पुढे सरकून हनुवटी त्यांच्या चपलेवर ठेवली. तिसऱ्या भेटीनंतर ते तिला घेऊन गेले.

मोठ्या कुत्र्याला नव्या घरात पूर्ण मोकळं व्हायला साधारण तीन महिने द्या. पहिले काही दिवस तो कमी खाईल, कोपरा धरून बसेल. तो त्याचा मूळ स्वभाव असेलच असं नाही, बऱ्याचदा ती नव्या जागेची धास्ती असते. आणि मोठ्या कुत्र्याचं एक फार मोलाचं आहे: त्याचा आकार, ताकद, स्वभाव, मांजराशी आणि मुलांशी वागणं हे सगळं आजच डोळ्यांसमोर असतं.

गावठी घ्यावा की जातिवंत?

मी गावठीच्या बाजूने बोलते, हे आधीच सांगते. आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या जगलेला हा कुत्रा. अंगावर आखूड केस, उन्हाचा त्रास कमी, विशिष्ट जातींमध्ये पिढीजात चालत आलेले सांध्यांचे आणि श्वासाचे आजार कमी. वजन साधारण पंधरा ते पंचवीस किलो, आयुष्य बारा-पंधरा वर्षं. हुशारी भरपूर.

पण गावठी म्हणजे "कसाही वाढतो" असं समजून नेऊ नका. हा सावध वृत्तीचा कुत्रा आहे, परक्यांना चटकन जवळ करत नाही. पिल्लू असताना त्याला वेगवेगळी माणसं, रिक्षाचे आवाज, कुकरची शिट्टी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस हे सगळं प्रेमाने दाखवलं नाही, तर मोठेपणी तो भित्रा होऊन गुरगुरतो. लस, जंताचं औषध, गोचिडांचं औषध त्यालाही तितकंच लागतं. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे विषाणूंमुळे होणारे जीवघेणे आजार जात बघून येत नाहीत.

हस्की किंवा सेंट बर्नार्ड महाराष्ट्रात पाळता येतो का?

माझं उत्तर नाही असं आहे. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. बर्फासाठी घडलेली दुहेरी लव अंगावर घेऊन नागपूर-अकोल्याचा मे महिना काढायचा म्हणजे त्याला चोवीस तास एसीच्या खोलीत कोंडणं. हस्की तर मुळात मैलोन्‌मैल धावणारा. त्याचे केस भादरणं हा उपाय नव्हे, त्या लवेचा उन्हापासून बचावालाही उपयोग असतो.

पांढरा झुबकेदार कुत्राच हवा असेल तर इंडियन स्पिट्झ बघा. आपल्याकडे ज्याला सर्रास "पॉमेरियन" म्हणतात तो बहुतेक वेळा हाच असतो, आणि तो आपल्या हवेत रुळलेला आहे.

पग आणि फ्रेंच बुलडॉग किती गोड दिसतात! ते कसे?

त्यांचा तो चपटा चेहराच त्यांचा आजार आहे. नाक आखूड करता करता नाकपुड्या फटीएवढ्या उरल्या, टाळूचा मागचा मऊ भाग मात्र तेवढाच लांब राहिला. तो घशात लोंबतो आणि श्वास अडतो. लोक "बघा कसा घोरतो" म्हणून हसतात. त्या बिचाऱ्याला हवा कमी पडत असते. उन्हात दहा मिनिटं खेळला तरी अशा कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो.

तरीही पगच हवा असेल तर तो शांत बसलेला असताना कान देऊन ऐका. विश्रांतीत श्वासाचा आवाज येत असेल, नाकपुड्या चिरेसारख्या मिटलेल्या असतील, तर ते पिल्लू घेऊ नका. त्याच्या आईवडिलांचा श्वासही ऐका. चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर तिथे बुरशी आणि जखमा होतात.

लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड घेताना काय विचारावं?

मागच्या पायांच्या खुब्यांबद्दल विचारा. या तिन्ही जातींमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष आईवडिलांकडून पिल्लांत उतरतो. दोन महिन्यांच्या पिल्लात तो डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो एक-दीड वर्षाने: सशासारखं दोन्ही मागचे पाय जोडून पळणं, जिना चढताना थांबणं, उठताना कण्हणं. म्हणून पिल्लाच्या आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का, हे विचारायचंच. आपल्याकडे असा एक्स-रे दाखवणारे ब्रीडर कमी आहेत, पण आहेत, आणि चार महिने थांबून त्यांच्याकडूनच घ्यावं.

लॅबबद्दल अजून एक. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गायब असतो आणि अशा कुत्र्याला अन्नाची ओढ जास्त राहते. तो भुकेला चेहरा करून बघतो तेव्हा घरातल्या प्रत्येकाने एकेक पोळीचा तुकडा दिला, की वर्षात वजन वाढतं आणि सगळा भार त्याच दुबळ्या खुब्यांवर येतो. ज्या घरात आजी-आजोबांना "नको घालू" हे सांगणं कुणालाच जमत नाही, तिथे लॅब आणताना याचा विचार करा.

डॅशहाउंडची लांब पाठ जपावी लागते. जिने आणि सोफ्यावरून उड्या मारणं त्याला महागात पडतं. डॅल्मेशियन घेताना त्याच्या मागे उभं राहून टाळी वाजवा, या जातीत जन्मजात बहिरेपणा आढळतो. कॉकर स्पॅनियलचे लोंबते कान हुंगून बघा, आंबट वास आला तर आत संसर्ग आहे.

मुधोळ किंवा कारवान घरी पाळता येतो का?

शेत किंवा कुंपणाचं मोठं आवार असेल तर जरूर. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे घराण्याने ज्याला नावारूपाला आणलं तो मुधोळ कुत्रा. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता, आणि पुढे लष्करानेही मेरठच्या केंद्रात त्याला प्रशिक्षण दिलं. सोलापूर-लातूरकडे कारवान आणि लांब केसांचा पश्मी आजही शेतावर दिसतात. हे नजरेने शिकार करणारे कुत्रे: काहीतरी पळताना दिसलं की ते सुटतात, आणि मग हाक कानावर पडत नाही. त्यामुळे कुंपण नसलेल्या जागी यांना मोकळं सोडू नका. बरगड्या थोड्या दिसणं ही त्यांची नैसर्गिक ठेवण आहे, "अशक्त आहे" म्हणून खायला घालून त्यांना जाडं करू नका. खरं पिल्लू बघायला मुधोळ गावी किंवा पाळणाऱ्यांच्या वस्तीवर जा. सडपातळ दिसणारा कुठलाही संकर "मुधोळ" म्हणून विकला जातो.

ब्रीडर विश्वासाचा आहे हे कसं ओळखू?

पिल्लाची आई दाखवायला सांगा. बाकी सगळं याच्यानंतर.

"आई गावी आहे", "आई आजारी आहे", "तुम्ही कशाला येता, आम्हीच हायवेला आणून देतो", "फोटो पाठवलेत ना" असं उत्तर आलं तर तिथून परत फिरा. आई समोर आली की तिच्याकडे नीट बघा. दूध पाजून ती थोडी हडकलेली असणं साहजिक आहे. पण केस झडून कातडी दिसत असेल, स्तन जमिनीला टेकेपर्यंत ओघळलेले असतील, पिंजऱ्यातून बाहेर यायला ती कचरत असेल, माणसाचा हात वर झाला की अंग चोरत असेल, तर तिला वर्षामागून वर्ष नुसतं व्यायला लावलं आहे. तिच्या पोटी आलेलं पिल्लू तीच भीती पहिल्या दिवसापासून शिकतं. उलट, आई शेपूट हलवत जवळ आली, तुमचा हात हुंगून पिल्लांकडे परत गेली, तर अर्धी परीक्षा झाली.

कायदाही माहीत असू द्या. कुत्र्यांच्या पैदास व विक्रीबाबत केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि ते प्रमाणपत्र जागेवर दिसेल असं लावायचं असतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि दीड वर्षाच्या आत मादीला पैदाशीत आणता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडून कुत्रा घेऊ नका.

आणि चांगला ब्रीडर तुम्हाला प्रश्न विचारतो. घर स्वतःचं आहे का, दिवसा कोण असतं, आधी कुत्रा पाळला होता का. काही जण पिल्लू नाकारतातसुद्धा. अशा माणसाचा राग मानू नका.

ऑनलाइन आगाऊ पैसे भरून न पाहिलेलं पिल्लू मागवू नका. "टीकप", "हेवी बोन", "शो क्वालिटी", "पंच फेस" हे विक्रीचे शब्द आहेत, तब्येतीबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

केसीआयचा कागद म्हणजे तब्येतीची हमी का?

नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी वंशावळ सांगते: आई कोण, बाप कोण, आजा-पणजा कोण. आरोग्याचा दाखला वेगळा, तो पशुवैद्यच देतो. कागद असेल तर त्यावरचा मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) पंधरा आकडी नंबर दवाखान्यात स्कॅन करून पिल्लाशी जुळवून घ्या. आणि वंशावळीत एकच नाव आईकडून आणि बापाकडूनही दिसलं, तर जवळच्या नात्यात पैदास झाली आहे. पिढीजात आजारांची शक्यता तिथे वाढते.

पिल्लू किती दिवसांचं असावं?

किमान आठ आठवडे. बाजारात "पंचेचाळीस दिवसांचं" म्हणून तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं दिली जातात, कारण तेव्हा ती कापसाच्या गोळ्यासारखी दिसतात आणि विकणाऱ्याचा खाण्याचा खर्च वाचतो. पण पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांकडून फार मोठा धडा शिकत असतं: जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. हा धडा चुकलेली पिल्लं पुढे मुलांचे हात फोडतात.

वय पडताळायचं असेल तर ओठ वर करून दात बघा. दुधाचे अठ्ठावीस दात साधारण दोन महिन्यांपर्यंत येतात. मागच्या बाजूला नुसत्याच गुलाबी हिरड्या असतील तर पिल्लू सांगितल्यापेक्षा लहान आहे.

पिल्लू निरोगी आहे हे कसं तपासावं?

दिवसाउजेडी जा, आणि पिल्लू झोपेतून उठून खेळायला लागेपर्यंत थांबा. घाईत बघितलेलं पिल्लू सगळंच चांगलं दिसतं.

आधी लांबून बघा. चारही पाय सारखे टाकतं का, भावंडांमागे धावतं का, एकटं कोपऱ्यात पडून आहे का. मग मांडीवर घ्या. डोळे स्वच्छ हवेत, कडेला पिवळी चिकट घाण नको. नाकातून घट्ट पाणी येत असेल आणि सोबत खोकला असेल तर ती डिस्टेंपरची सुरुवात असू शकते. हिरडीवर अंगठा दाबून सोडा: पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. मुळातच हिरडी फिकट असेल तर जंत किंवा गोचिडांनी रक्त कमी केलेलं असतं.

बरगड्यांवरून हात फिरवा. त्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना उठून दिसू नयेत. पोट ढोलासारखं फुगलेलं आणि पाठीचा कणा मात्र वर आलेला, हे जंतांचं लक्षण. बेंबीपाशी मऊ गोळा लागला तर तो हर्निया. लहान असेल तर पुष्कळदा घाबरण्यासारखं नसतं, पण डॉक्टरांना दाखवून मगच ठरवा. शेपटी उचला: आजूबाजूचे केस जुलाबाने चिकटलेले नकोत. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली गोचिडी शोधा. केस उलटे फिरवून कातडी बघा. कान-कोपरांवर खपल्या आणि सतत खाजवणं म्हणजे खरूज, आणि ती माणसालाही लागते. नर असेल तर दोन्ही वृषण उतरलेत का ते डॉक्टरांकडून बघून घ्या.

शेवटी त्याच्या राहण्याच्या जागेला वास कसा येतो ते बघा. तिथे शी-शूमध्ये झोपणारं पिल्लू तुमच्या घरी स्वच्छतेची सवय लावून घ्यायला दुप्पट वेळ घेतं.

लसीचं कार्ड आहे, मग काळजी नाही ना?

कार्ड उघडून बघा. खऱ्या नोंदीत लसीच्या बाटलीवरून काढलेलं स्टिकर चिकटवलेलं असतं: लसीचं नाव, बॅच क्रमांक, मुदत. शेजारी तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. स्टिकर नसेल, सगळ्या तारखा एकाच पेनने एका दमात लिहिलेल्या असतील, तर लस दिलीच नाही असं धरून चाला आणि शिक्क्यावरच्या डॉक्टरांना फोन करा.

माझ्याच इमारतीतली गोष्ट. एका कुटुंबाने लॅबचं पिल्लू आणलं, कार्डावर नुसती पेनने लिहिलेली तारीख. तिसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं, रात्री उलट्या, सकाळी रक्ताची शी. तो वास एकदा घेतला की आयुष्यभर ओळखता येतो. पार्व्हो. पाच दिवस दवाखान्यात सलाईन लावलं. सहाव्या दिवशी ते गेलं. घरातली सात वर्षांची मुलगी त्याच्यासाठी वाटीवर रंगाने नाव लिहून बसली होती. विकणाऱ्याने सांगितलं, "तुम्हीच काहीतरी खायला घातलं असेल." पार्व्होचा विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे ते पिल्लू विकत घेतलं त्या दिवशीच आजार घेऊन आलं असण्याची दाट शक्यता होती, आणि त्या दिवशी ते छान उड्या मारत होतं.

म्हणून पैसे देण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, आणि आठवड्याभरात आजार निघाला तर काय, हे लेखी ठरवा. सर्वसाधारण वेळापत्रक असं: सहा-आठ आठवड्यांना पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, शेवटचा सोळा आठवड्यांच्या सुमाराला किंवा त्यानंतर, रेबीजची लस तीन महिन्यांना. आपल्याकडच्या पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात लेप्टो पसरतो, त्याची लस दरवर्षी घ्या.

आमचं आधीचं पिल्लू पार्व्होने गेलं. नवीन कधी आणू?

हा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो, अंगणाच्या मातीत वर्षभरही. फिनाइलवर विसंबू नका. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवून पुसा. जुन्या गाद्या, टोपल्या, खेळणी टाकून द्या. त्या घरात सगळे डोस पूर्ण झालेला कुत्राच आणा.

चार-पाच पिल्लांतून नेमकं कोणतं निवडू?

जे सगळ्यांना ढकलून तुमच्या अंगावर पहिलं धावून येतं ते बहुतेकांना आवडतं. ते धीट आहे, सतत काम मागणारं आहे; तरुण, धावपळीच्या घरात ते शोभतं. कोपऱ्यात दडून थरथरणारं पिल्लू दयेपोटी उचलू नका, त्याला अनुभवी हात लागतात. मधलं बघा: थोडं थांबून, हुंगून, मग जवळ येणारं. किल्ल्यांचा जुडगा जरा लांब टाका. दचकणं ठीक, पण दचकल्यावर ते परत येऊन किल्ल्या हुंगतं का ते बघा. मात्र दोन महिन्यांच्या पिल्लाची अशी परीक्षा म्हणजे भविष्य नव्हे, पुढचं बरंचसं तुमच्या घरात घडतं. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी जा.

नर की मादी?

दोन्ही सारखीच प्रेमळ असतात. नसबंदी दोघांचीही करा. मादीची वेळेवर केली तर गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो.

घरात लहान मूल आहे. दम्याचा त्रासही आहे.

पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर अगदी नाजूक, दोन-तीन किलोची जात नको. मुलाच्या हातातून पडून अशा पिल्लाचा पाय मोडतो. मूल आणि कुत्रा, दोघांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र सोडू नका, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

"ॲलर्जी न होणारी जात" असं काही नसतं. ॲलर्जी केसांपेक्षा लाळेतून आणि कातडीच्या कोंड्यातून होते. ज्यांना दमा आहे त्यांनी त्या कुत्र्यासोबत दोन-चार वेळा तास-दोन तास बसून बघा, डॉक्टरांना विचारा, आणि मग ठरवा. आणून परत करण्यापेक्षा हे कुत्र्यासाठी बरं.

सोसायटी कुत्रा पाळायला मनाई करू शकते का?

नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केलं आहे की बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण पट्टा लावणं, शी उचलणं, भुंकून शेजाऱ्यांची झोप मोडू न देणं हे आपलं काम. महापालिकेचा परवाना काढा. भाड्याच्या घरात असाल तर लिव्ह अँड लायसन्सच्या करारात कुत्र्याचा उल्लेख घालून घ्या. मालकाने तोंडी दिलेली परवानगी अकरा महिन्यांनी विसरली जाते, आणि मग कुत्रा माझ्याकडे येतो.

पिटबुल, रॉटवायलर आणता येईल का?

केंद्राने मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींवर बंदीचं पत्र काढलं होतं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केलं. कायदा बाजूला ठेवूनही, पहिलाच कुत्रा म्हणून या जाती घेऊ नका.

दत्तक घेतलं की खर्च कमी येतो ना?

पिल्लाचे पैसे वाचतात. त्यानंतरचा खर्च तोच: पहिल्या सहा महिन्यांत लसीचे तीन-चार डोस, जंताचं औषध आधी दर पंधरवड्याला आणि मग महिन्याला, पुढे नसबंदी. पंचवीस किलोच्या कुत्र्याला कोरडं खाद्य दिवसाला साधारण तीनशे ग्रॅम, म्हणजे महिन्याला नऊ किलो लागतं. गोचिडांचं औषध बाराही महिने. गोचीडतापात रक्ताच्या तपासण्या आणि महिनाभराची औषधं लागतात, त्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा.

नवीन पिल्लाने खेळताना दात लावला, ओरखडा आला. इंजेक्शन घ्यायचं का?

रस्त्यावरून आणलेलं किंवा लस न झालेलं पिल्लू असेल तर हो. पिल्लालाही रेबीज असू शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, तंबाखू, चुना काहीही लावू नका.

पहिल्या रात्री काय करू?

आणताना आईजवळचं एक फडकं मागून घ्या, न धुता. एखाद्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, सकाळी आणा, म्हणजे अंधार पडेपर्यंत त्याला घर ओळखीचं होईल. पाहुण्यांना आठवडाभर बोलावू नका. पहिले दिवस खाणं तेच द्या जे ते आधी खात होतं, बदल आठवड्याभरात हळूहळू करा. दूध देऊ नका, जुलाब होतात. झोपायला पुठ्ठ्याचं खोकं तुमच्या पलंगालगत ठेवा, त्यात ते फडकं. ते रडेल. रागावू नका, दुसऱ्या खोलीत कोंडू नका. खोक्यात हात सोडून पडून राहा. दोनच्या सुमाराला ते उठून गोल-गोल फिरत जमीन हुंगायला लागेल, तेव्हा लगेच उचलून ठरलेल्या जागी न्या, आणि शू झाल्यावर हळू आवाजात शाबासकी देऊन परत खोक्यात ठेवा.